दर पंचवीस मीटरला थांबा

३ मार्च, मंगळवार

नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर आहे. हाडांच्या डॉक्टरणीने पडद्यावर बोट ठेवून दाखवली. मला काही दिसली नाही, पण तिला दिसली म्हणजे असणार. आठ आठवडे पळणं बंद. मी विचारलं, सहा केले तर? ती म्हणाली, "घासाघीस करायची असेल तर बाजारात जा, इथे आठच."

घरी सांगितल्यावर नवरा म्हणाला, "चला, आठ आठवडे तरी सकाळी घरात माणूस दिसेल." तो गंमत करत होता. मी हसले नाही. गेल्या एकोणीस वर्षांत मी सलग चार दिवसांहून जास्त न पळता राहिलेले नाही, आणि ते चार दिवसही आमच्या लग्नाचे होते.

६ मार्च, शुक्रवार

आमच्या पळणाऱ्यांच्या क्लबच्या खोलीत नुसती बसायला गेले होते. तिथे कॅप्टन ट्रायथलॉनची यादी घेऊन बसलेली. तिघींचा संघ लागतो. साडेसातशे मीटर पोहायचं, वीस किलोमीटर सायकल, शेवटी पाच किलोमीटर पळायचं, प्रत्येकीने सगळं, एकापाठोपाठ एक. तिघींनीही शेवटची रेषा ओलांडली तरच संघ धरतात. एकीने मध्ये सोडलं की तिघींचं नाव गळतं. गेल्या वर्षी तिसरी बाई तळ्यातूनच परत फिरली. कॅप्टन आणि टाचणी (ती इतकी बारीक आहे की तिला दुसरं नाव शोभलंच नसतं) दोघी उत्तम पळाल्या आणि यादीत कुठेच नव्हत्या. ती तिसरी आता परगावी गेली.

"चौदा जूनला आहे," कॅप्टन म्हणाली. "तोवर तुझा पाय बरा होईल. पोहता येतं ना तुला?"

"येतं की," मी म्हटलं.

मला येतं ते असं: नवव्या वर्षी, कमरेएवढ्या पाण्यात, मामाच्या हाताला धरून. सगळ्या क्लबसमोर "नाही" म्हणायची सवय नाही मला. आता चौदा जूनपर्यंत हे खरं करून दाखवायचं.

९ मार्च, सोमवार

आई, म्हणजे सासूबाई, खालच्या मजल्यावर एकट्या राहतात, सोमवारी आमच्याकडे जेवायला येतात. जेवताना मी पोहण्याचा विषय काढला. त्या म्हणाल्या, "मी रोज जाते की टँकवर. येतेस का माझ्याबरोबर?"

सासरे गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, त्या सकाळी कुठेतरी जातात हे मला ठाऊक होतं. गुडघ्यांसाठी पाण्यात उभ्या राहत असतील असं मी धरून चालले होते. आई म्हणजे फार सावकाश माणूस. वाटाणे सोलायला बसल्या की शेवटचा सोलून होईपर्यंत पहिला सुकतो. त्यांच्याबरोबर पोहणं कमी आणि वाट बघणं जास्त होईल, असं मनात आलं. पण क्लबमध्ये कोणाला विचारायची सोय मीच ठेवलेली नाही.

"किती वाजता?" मी विचारलं.

"तू साडेसहाला ये. मी असतेच."

१४ मार्च, शनिवार

लिहायला लाज वाटते, पण वही माझीच आहे.

आईंनी हातात फळी दिली आणि म्हणाल्या, नुसते पाय मार. मला वाटलं, पायांचंच काम आहे तर प्रश्नच मिटला. दहा किलोमीटरमध्ये तीन वेळा क्लबचा विक्रम केलेले पाय आहेत हे. मी जीव तोडून पाय मारले. फळीच्या पलीकडे जो खांब होता तो हळूहळू लांब जायला लागला. मी मागे चालले होते. जागच्या जागी राहिले असते तरी चाललं असतं, पण मागे!

काठावर बसणाऱ्या जीवरक्षकाला सगळे शिट्टीवाला म्हणतात. तो शिट्टी तोंडातून काढून बघत राहिला.

"पळणाऱ्यांचे घोटे ताठ असतात," आई म्हणाल्या. "त्यांची पावलं वल्ह्यासारखी मागे वळत नाहीत. होईल हळूहळू."

मी म्हटलं, हळूहळू म्हणजे किती दिवस? त्या म्हणाल्या, "हळूहळू म्हणजे दिवस न मोजता."

२१ मार्च, शनिवार

श्वासाचा घोटाळा सापडला. मी पाण्यात तोंड घातलं की श्वास कोंडून धरते, सोडतच नाही. मग वर आल्यावर घ्यायला आत जागा नसते. आईंनी विचारलं, "कामावर काय करतेस गं तू, म्हणजे नेमकं?" अकरा वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्यांनी. की मी पहिल्यांदा उत्तर देण्याइतकी थांबले, कोण जाणे.

मी सांगितलं. दंतवैद्य तोंडाचा साचा पाठवतात, त्यावर मी मेणात दात बसवते, कोरते, मग त्याची कवळी होते. समोरच्या सहा दातांची ठेवण जमली तर माणूस हसतो, नाही तर तोंडावर हात ठेवून बोलतो. हे कोरताना हात हलू नये म्हणून मी श्वास रोखून धरते. आमच्या लॅबचे मालकही धरतात. आमच्या खोलीत दुपारी अशी शांतता असते की बाहेरच्याला वाटावं सगळे रुसलेत.

"म्हणजे तू दिवसभर सराव करतेस तो चुकीचा," आई म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की पाण्याला लाटा आल्या.

१ एप्रिल, बुधवार

एक अख्खी फेरी जमली. पंचवीस मीटर. भिंतीला हात लावला तेव्हा दहा किलोमीटर पळल्यासारख्या धापा टाकत होते.

एक अडचण मात्र आहे. आईंना दम लागतो. दर पंचवीस मीटरला त्या भिंतीला धरून थांबतात आणि म्हणतात, "थांब गं जरा, वय झालं." मग मलाही त्यांच्यासाठी थांबावं लागतं. मी एकटी असते तर लगेच वळले असते. निदान वळायचा प्रयत्न तरी केला असता. थांबल्या की त्या बोलायला लागतात, शेजारणीच्या मांजरापासून सासऱ्यांच्या पहिल्या नोकरीपर्यंत. बोलताना मात्र त्यांना अजिबात दम लागत नाही, हे एक नवलच.

शिट्टीवाला आज जवळ येऊन म्हणाला, "काय मावशी, आजपण थांबत थांबत का?" आईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो निमूट खुर्चीवर जाऊन बसला. वयस्कर माणसाला असं टोचून बोलणं मलाही आवडलं नाही.

१२ एप्रिल, रविवार

कॅप्टनने तिची जुनी सायकल दिली. सायकलचं काही विशेष नाही. पाय मारले की पुढे जाते. गेल्या महिन्याभरात ज्या गोष्टी मी केल्या त्यात हे सुख फार दुर्मीळ.

दुपारी दिवाणखान्यात कपडे बदलण्याचा सराव केला. पाण्यातून बाहेर, हेल्मेट, बूट, सायकल, परत सायकल ठेवा, हेल्मेट काढा, पळा. हेल्मेटचा पट्टा न लावता सायकलला हात लावला तर बाद करतात. नवरा घड्याळ घेऊन सोफ्यावर. पहिल्या खेपेला मी हेल्मेट घालूनच पळायला निघाले आणि दारापर्यंत गेले.

"असू दे," तो म्हणाला. "डोक्याला मार लागल्यासारखीच वागतेस हल्ली."

आई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "तिला काही बोलू नकोस. ती माझी विद्यार्थिनी आहे."

त्यांना आवाजात इतका तोरा आणताना मी कधी ऐकलं नव्हतं.

२३ एप्रिल, गुरुवार

आज वाईट दिवस. बसमधून जाताना नदीकाठच्या रस्त्यावर आमच्या क्लबची पोरं पळताना दिसली. त्यांत टाचणी सगळ्यांत पुढे. मी खिडकीला नाक लावून वळणापर्यंत बघत राहिले. शेजारच्या बाईने विचारलं, कोणी ओळखीचं आहे का?

चार फेऱ्यांच्या पुढे सरकत नाही. तीस लागतात. मन असं म्हणतं की आत्ताच कॅप्टनला खरं सांगावं, तिला दुसरी कोणी शोधायला वेळ मिळेल. मग दुसरं मन म्हणतं, आठवडाभर थांब. ही दोन्ही मनं माझीच, आणि दोघांनाही पोहता येत नाही.

टँकमधून बाहेर आल्यावर आम्ही तिथल्या बाकावर बसून थर्मासमधला चहा पितो. सुरुवातीला मी या वहीत लिहिलं नाही, पण मनात हिशेब लावत असे की यात बारा मिनिटं वाया जातात. आज आईंना सांगून टाकलं की मी सगळ्यांना खोटं सांगितलंय, मला पोहता येत नव्हतं आणि अजूनही येत नाही.

त्या घोट घेत म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"कसं?"

"येणारी माणसं फळीवर मागे जात नाहीत."

मग उरलेला चहा माझ्या कपात ओतला. शेवटी म्हणाल्या, "कॅप्टनला सांगायचं तर सांग. पण उद्या साडेसहाला ये. ते थांबवू नकोस."

मी कॅप्टनला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "किती जमतं?" मी म्हटलं, चार फेऱ्या. "दिवस किती आहेत?" बावन्न. "मग मला तीसची नको, नव्याण्णव फेऱ्यांची बातमी घेऊन फोन कर," आणि ठेवला. रागावली होती की नाही कळलं नाही. पण दुसरी कोणी शोधते असं म्हणाली नाही.

५ मे, मंगळवार

डॉक्टरणीने पळायला परवानगी दिली. आज दहा मिनिटं, एक दिवसाआड. रस्ता पायाखाली होता. अजून काय लिहू.

फेऱ्या बारा. अर्थात प्रत्येक भिंतीपाशी थांबून, आईंच्या दमापायी. पण एक गंमत होतेय. थांबल्यावर पुढची फेरी जास्त बरी जाते. पळताना हे कधी कळलं नव्हतं, कारण पळताना मी कधी थांबलेच नाही.

साडेसहाला मी पोचते तेव्हा आईंचे केस ओलेच असतात. लवकर येऊन डुंबत बसत असाव्यात बिचाऱ्या.

१७ मे, रविवार

तीस फेऱ्या. तीस. साडेसातशे मीटर. शेवटच्या सहा फेऱ्यांत आई म्हणाल्या, "आज मला जरा बरं वाटतंय, न थांबता जाऊ," आणि आम्ही गेलो. माझ्या सरावाचा त्यांनाही फायदा झालेला दिसतो. नवऱ्याला जेवताना तसं सांगितलं, की सुरुवातीला आई प्रत्येक फेरीला दमायच्या, आता सहा-सहा फेऱ्या सलग करतात, या वयात एवढी सुधारणा म्हणजे कमाल आहे.

"आई दमायची?" तो म्हणाला. "आपली आई?"

आईंनी त्याच्या ताटात न विचारता भाताचा मोठा डाव वाढला. "खा," म्हणाल्या. "गार होतोय."

कॅप्टनला फोन केला. ती म्हणाली, "नव्याण्णव सांगितल्या होत्या." पण हसत होती.

३० मे, शनिवार

तळं पाहून आले. पाहून आले एवढंच म्हणायला हवं, पोहून आले म्हणवत नाही.

आई काठावर बसायला म्हणून आल्या होत्या, पण कपड्यांच्या आत पोहायचा पोशाख घालून. म्हटलं, कशाला? म्हणाल्या, "उगाच. सवय."

टँकचा तळ निळा असतो आणि त्यावर रेघ असते. इथे खाली बघितलं तर काहीच नाही, हिरवट काळोख. वीसेक हात मारले आणि एकदम लक्षात आलं की भिंत नाही. पुढे नाही, मागेही नाही. श्वास कोंडला, हात-पाय चारी दिशांना. आई तेव्हा काठाजवळ माझ्यापासून चांगल्या लांब होत्या. त्या इतक्यात माझ्या शेजारी कशा पोचल्या ते मला अजून कळलेलं नाही. गडबडीत माझाच वेळेचा अंदाज चुकला असेल.

"उताणी हो," त्या म्हणाल्या. मी झाले. आभाळ दिसलं. त्यांचा एक हात माझ्या पाठीखाली, अगदी हलका.

"इथे थांबायला भिंतच नाही," मी म्हटलं.

"पाण्यात कुठेही थांबता येतं. ही पडलीस ना, हेच थांबणं."

"पण शर्यतीत?"

"शर्यतीत थांबलं तर पोलीस धरतात का?"

"शर्यतीत कोणी थांबत नाही, आई."

"मग तू पहिली," त्या म्हणाल्या.

परत जाताना गाडीत एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. वीस वर्षं मी लोकांना मागे टाकून पुढे गेलेय. कोणी थांबलं की मनात म्हणायचे, गेला हा. आता दोन बायकांचं नाव माझ्या हातात आहे आणि मला ते हात चालवता येत नाहीत.

१० जून, बुधवार

तळ्यावर चौथ्यांदा गेले. आई बरोबर. दोनशे मीटर, मध्ये तीनदा उताणी. साडेसातशे जमेल का, माहीत नाही. न थांबता नक्कीच नाही.

आज चहाला पाऊण तास लागला. आई सांगत होत्या, सासरे गेल्यावर पहिल्या महिन्यात घरात इतकं शांत होतं की नळ उघडा ठेवून बसायच्या. मग वाटलं, पाणीच ऐकायचं तर टँकवर जावं. मी म्हटलं, तुम्ही कधी बोलला नाहीत. त्या म्हणाल्या, "तू पळत होतीस ना." तक्रार नव्हती त्यात. वेळापत्रक सांगावं तसं बोलल्या.

कामावर उशीर झाला. मालकांनी घड्याळाकडे बघितलं. मी म्हटलं, सासूबाईंबरोबर चहा पीत होते. ते म्हणाले, निदान पटेल असं तरी कारण सांगा.

१४ जून, रविवार

हात दुखतायत, तरी लिहिते.

सकाळी सातला आम्ही शंभरेक बायका गुडघाभर पाण्यात उभ्या. कॅप्टन माझ्या डावीकडे, टाचणी उजवीकडे. टाचणी म्हणाली, "मला उलटी होईल." कॅप्टन म्हणाली, "रेषेपलीकडे जाऊन कर." भोंगा वाजला.

पहिल्या मिनिटात कोणाचीतरी टाच माझ्या गॉगलवर बसली. मी श्वास धरला आणि तो काही केल्या सुटेना. सगळ्या माझ्यावरून, बाजूने निघून गेल्या. पाणी शांत झालं आणि मी मागे एकटी.

पायांना फक्त एकच उपाय माहीत होता, जोरात मारा. मारले. जिथे होते तिथेच. छाती फुटायची वेळ आली तेव्हा मी उताणी झाले. शर्यत चालू असताना, छातीवर नंबर असताना, मी आभाळाकडे बघत पडून राहिले. एक ढग होता, बराचसा दाढेसारखा. मी त्याची मुळं मोजली.

बचाव पथकाची होडी जवळ आली. त्यातला दाढीवाला म्हणाला, "परत नेऊ का, ताई? लाजण्यासारखं काही नाही."

होडीला नुसतं धरलं तर चालतं. तिने पुढे ओढलं तर बाद. मी कडेला धरलं. कॅप्टनचा आणि टाचणीचा विचार आला. खरं लिहायचं तर, आधी माझाच आला. मला घरी जावंसं वाटत होतं, फार.

"परत नको," मी म्हटलं. "जरा थांबते."

"किती वेळ?"

"दम परत येईपर्यंत."

तो वल्हं आडवं ठेवून बसला. दोघं बसलो. म्हणजे तो बसला, मी लटकले. मग मी हात सोडला आणि तीस हात मोजून मारले. थांबले. परत तीस. होडी बाजूने येत राहिली. मधून तो म्हणाला, "घाई नाही, मला दुपारपर्यंत कुठे जायचं नाहीये." वळणाच्या जागी तरंगणारा पिवळा गोळा आला, त्याला वळसा घातला, मग काठ दिसला, मग पायाला चिखल लागला. एवढ्या प्रेमाने मी कधी चिखलात पाय ठेवला नसेल.

शेवटून दुसरी बाहेर आले. काठावर नवरा आणि आई. नवरा काहीतरी ओरडत होता. आई ओरडत नव्हत्या, नुसत्या हात वर करून उभ्या होत्या.

हेल्मेट, पट्टा, सायकल. वीस किलोमीटर वारा समोरून. मग पळणं. पहिला किलोमीटर पाय लाकडाचे, कोणा दुसरीचेच पाय लावून आल्यासारखे. दुसऱ्या किलोमीटरला ते माझे झाले. पुढच्या तीन किलोमीटरमध्ये मी सतरा बायकांना गाठलं. प्रत्येकीच्या बाजूने जाताना पहिल्यांदाच मनात आलं, ही बाई पोहायला माझ्याहून चांगली आहे.

रेषेवर कॅप्टन आणि टाचणी उभ्या होत्या, दोघी एकमेकींचे हात घट्ट धरून. मी ओलांडली तेव्हा कॅप्टनने माझ्या पाठीवर एक थाप मारली, ती आत्ताही लागतेय. संघांच्या यादीत आम्ही अकरांत नवव्या. टाचणीने त्या यादीचा फोटो चार कोनांतून काढला.

आई टॉवेल घेऊन आल्या.

"किती वेळा थांबलीस?"

"नऊ," मी म्हटलं. "होडीचं धरून दहा."

"छान," त्या म्हणाल्या. वीस वर्षांत मला शर्यतीनंतर कोणी हे विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं.

१८ जून, गुरुवार

पाय बरा आहे. डॉक्टरणीने पूर्ण परवानगी दिली, म्हणजे आजपासून सकाळी पळता येईल. मी सायंकाळी पळायचं ठरवलं. सकाळी साडेसहाला टँक आहे.

चहाच्या वेळी आईंनी पिशवीतून एक कागद काढला. त्यांच्या वयाच्या मानाने तो फार व्यवस्थित भरलेला होता, एका कोपऱ्यात डॉक्टरची सहीसुद्धा. ऑगस्टमध्ये तळं आरपार पोहून जायचं असतं, दोन किलोमीटर. पासष्टच्या पुढच्या लोकांना जोडीदार लागतो. त्या रकान्यात नाव लिहिलेलं नव्हतं.

"येशील का?" त्यांनी विचारलं. आणि मग माझ्याकडे न बघता थर्मासचं झाकण पुसत राहिल्या, ते पुसून झालेलं असताना.

मला खरं तर काळजीच वाटली. दोन किलोमीटर म्हणजे त्यांच्या दृष्टीने फारच. पण एवढ्या उमेदीने विचारलंय तर मोडता कसा घालायचा? मी माझं नाव लिहिलं. घरी नवऱ्याला सांगितलं की आईंनी एवढं धाडस करायचं ठरवलंय, कोणीतरी बरोबर हवंच. त्याला कसला ठसका लागला कोण जाणे, पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेला तो बराच वेळ आला नाही.

मी आईंना सांगून ठेवलंय, घाबरू नका, आपण सावकाश जाऊ, तुम्हाला दम लागला की मी थांबेन.

त्या म्हणाल्या, "तू आहेस म्हणून तर जातेय गं."